महिला स्की जंपिंगचा कॉन्टिनेंटल कप: दुसरी फळी वेगळी हवी की वर्ल्ड कपमध्येच सामावून घ्यावी?

उत्तरवारा
नमस्कार मंडळी,
स्की जंपिंगच्या (स्की बांधून टेकडीच्या उतारावरून हवेत झेप घ्यायचा खेळ) वर्ल्ड कपवर इथे दर हिवाळ्यात धागा निघतो आणि शंभरी गाठतो. त्याच्या खालच्या पायरीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मी महिलांचा कॉन्टिनेंटल कप नेमाने पाहतो. प्रक्षेपण मिळालं तर प्रक्षेपण, नाहीतर निकालपत्रकं उघडून एकेक आकडा वाचत बसतो.

अडचण अशी की हा हंगाम फार विरळ असतो. नॉर्वेत नोटॉडेन, जर्मनीत ब्रोटेरोडे, स्लोव्हेनियात प्लानित्सा, आणखी दोन-चार गावं, की संपलं. त्यात वारा सुटला किंवा बर्फ वितळला तर एखादा शनिवार-रविवार असाच वाया जातो. पुरुषांच्या कॉन्टिनेंटल कपला डिसेंबर ते मार्च श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि इथे महिना-महिना काही नाही. उतरणाऱ्या मुलीही कमी. पहिल्या फेरीतून तीस जणी दुसऱ्या फेरीत जातात, आणि यादीच चाळिशीच्या आसपास असली तर बहुतेक सगळ्याच जातात.

म्हणून काही जण म्हणतात, ही पातळी बंद करा, वर्ल्ड कपची पात्रता फेरी मोठी करा आणि सगळ्यांना तिथेच उडू द्या. मला हे अजिबात पटत नाही. दुसरी फळी हवीच, उलट दुप्पट व्हायला हवी. तुम्हाला काय वाटतं?

निशिगंध
वर्ल्ड कप अधूनमधून बघते, पण कॉन्टिनेंटल कप कधी पाहिला नाही. नियम वेगळे असतात का? की तेच सगळं, फक्त खेळाडू कमी नावाजलेले?

के_पॉइंट
@निशिगंध, नियम तेच. उदाहरण देतो. समजा टेकडीचा के-पॉइंट (जिथून अंतराचे गुण मोजतात ती रेघ) ९० मीटर आहे. बरोबर ९० वर उतरलं की अंतराचे ६० गुण. या आकाराच्या, म्हणजे मधल्या, टेकडीवर पुढच्या प्रत्येक मीटरला २ गुण जास्त, अलीकडच्या प्रत्येक मीटरला २ कमी. मुलगी ९४ मीटर गेली तर ६८. मग पाच पंच, प्रत्येकाकडे कमाल २० गुण. समजा १७.५, १७, १७.५, १८, १६.५ असे पडले. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बाद, उरलेल्या तिघांची बेरीज ५२. एकूण १२०. त्यावर वारा आणि गेटची (जिथून सुटतात त्या जागेची) भरपाई. समोरून वारा असेल तर तो उचलून धरतो, म्हणून गुण कापतात. पाठीमागून असेल तर वाढवून देतात.

हंगामाचे गुणही वर्ल्ड कपसारखेच: पहिलीला १००, मग ८०, ६०, ५०, ४५ असं उतरत तिसाव्या क्रमांकाला १. तक्ता मात्र स्वतंत्र. याच्याही खाली फिस कप नावाची तिसरी पायरी आहे. उन्हाळ्यातही स्पर्धा होतात, बर्फाऐवजी प्लास्टिकच्या ओल्या चटयांवर.

रानवाटा
मी विरुद्ध बाजूने बोलतो, राग नसावा. खेळ बघायचा तो सर्वोत्तम खेळाडूंचा. स्लोव्हेनियाची निका प्रेव्हत्स २०२५ च्या मार्चमध्ये नॉर्वेतल्या व्हिकेरसुंडला २३६ मीटर गेली, ते सोडून मी कुठल्या तरी छोट्या टेकडीवरची ८५ मीटरची उडी का बघू? आणि जिथे निम्म्याहून जास्त मुलींना आपोआप गुण मिळतात, तिथे गुणांना किंमत काय राहिली? उत्तरवारा म्हणतात ते दुप्पट करणं म्हणजे पैशांचा अपव्यय. तोच पैसा वर्ल्ड कपमधल्या मुलींना बक्षिसात द्या.

शेवंती
@रानवाटा, "कुठली तरी छोटी टेकडी" वाचून वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आज ज्याला तुम्ही दुसरी फळी म्हणता, तो काही वर्षांपूर्वी बायकांसाठी सर्वांत वरचा मजला होता. महिलांचा कॉन्टिनेंटल कप सुरू झाला २००४-०५ च्या हंगामात. त्याच्या वर काहीच नव्हतं. वर्ल्ड कप नाही, जागतिक अजिंक्यपद नाही, ऑलिंपिक तर लांबच. नॉर्वेच्या आनेट सागेनने पहिले पाचही हंगाम जिंकले, पुढचे दोन ऑस्ट्रियाच्या डानिएला इराश्कोने. या दोघी त्या काळात जगात सर्वोत्तम होत्या, आणि त्यांचं जगज्जेतेपद म्हणजे हाच कप.

इराश्को २००३ मध्येच ऑस्ट्रियातल्या कुल्मला २०० मीटर गेली होती. तरीही त्याच दशकात स्की महासंघाचे अध्यक्ष ग्यान फ्रांको कास्पर जाहीरपणे म्हणत होते की हा खेळ वैद्यकीयदृष्ट्या बायकांना योग्य वाटत नाही. सागेनला तर २००४ मध्ये व्हिकेरसुंडच्या मोठ्या टेकडीवर उडायला मिळावं म्हणून नॉर्वेत जाहीर भांडण झालं. वरिष्ठ अधिकारी टोरब्योर्न इगेसेट यांचा विरोध होता. शेवटी ती उडालीच.

२००९ मध्ये लिबेरेत्सला पहिल्यांदा जागतिक अजिंक्यपदात महिलांची स्पर्धा झाली. लिंडसे व्हॅन पहिली, उल्रिके ग्रेसलर दुसरी, सागेन तिसरी. तरीही २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये त्यांना जागा नाही. मुली कोर्टात गेल्या. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधीशांनी मान्य केलं की हा भेदभाव आहे, पण आयोजकांना आदेश देणं आमच्या हातात नाही असंही सांगितलं. ज्या टेकडीवर त्यांना उडू दिलं नाही, तिचा विक्रम तेव्हा लिंडसे व्हॅनच्या नावावर होता!

त्या सगळ्या वर्षांत या मुली उडत कुठे होत्या? कॉन्टिनेंटल कपमध्ये. पुरेसे खेळाडू नाहीत, पुरेसे देश नाहीत, अशी कारणं ऑलिंपिकवाले देत होते, आणि याच स्पर्धेच्या निकालपत्रकात दरवर्षी नवी नावं आणि नवे देश येत होते. २०११ च्या एप्रिलमध्ये ऑलिंपिकचं दार उघडलं. त्याच वर्षी ३ डिसेंबरला लिलेहामरला महिलांचा पहिला वर्ल्ड कप झाला आणि सतरा वर्षांची सारा हेंड्रिक्सन जिंकली. त्या दिवशी कॉन्टिनेंटल कप दुसऱ्या फळीत गेला. त्याची पत त्याआधी या मुलींनी स्वतः कमावलेली आहे.

लांबउडी
शेवंतीताई, जबरदस्त प्रतिसाद. एक भर घालतो: ओस्लोतल्या होल्मेनकोलेनची नवी टेकडी २०१० मध्ये बांधून झाली, तेव्हा पहिली उडी सागेन मारेल असं ठरलं होतं. आदल्या रात्री पुरुषांच्या संघातल्या ब्योर्न आइनार रोमोरेनने गुपचूप उडून घेतलं. नॉर्वेत केवढा गदारोळ झाला होता! अधिकृत पहिली उडी अर्थात सागेनचीच, ३ मार्च २०१०.

निशिगंध
काय सांगता! हे मला माहीतच नव्हतं. त्या रात्रीच्या उडीला पंच कोण होतं? :)

लांबउडी
पंच कोणी नाही, पण दुसऱ्या दिवशी अख्खा देश पंच झाला.

रानवाटा
शेवंती, इतिहासाबद्दल पूर्ण आदर आहे, आणि तुम्ही लिहिलंय तेही छान. पण माझा मुद्दा आजचा आहे. तेव्हा सर्वोत्तम मुली तिथे होत्या, आज नाहीत. जुन्या पुण्याईवर आजची स्पर्धा किती दिवस चालवायची?

हिमगौरी
मी नॉर्वेत राहते आणि नोटॉडेनला जाऊन ही स्पर्धा पाहिली आहे, म्हणून आजचंच सांगते.

वर्ल्ड कपला तुम्ही कुंपणापलीकडे असता. इथे उताराच्या अगदी कडेला उभं राहता येतं. सकाळी कार्यकर्ते स्की आडव्या करून, पायरी-पायरीने खाली सरकत बर्फ दाबत होते. मग निळ्या रेघा मारल्या, उताराच्या दोन्ही बाजूंना स्प्रूसच्या हिरव्या डहाळ्या खोचल्या. सगळं पांढरं असलं की हवेतून जमीन किती जवळ आली ते कळत नाही. त्या डहाळ्यांवरून नजरेला अंदाज येतो. बर्फ पडत होता, म्हणून वर दोघं जण हातात ब्लोअर घेऊन दर उडीआधी इनरनचे (उडीआधीच्या उतरत्या धावपट्टीचे) खोबण झाडत होते.

लहान स्पर्धांत अंतर मोजायची पद्धतही बघण्यासारखी असते. उताराच्या कडेने ठरावीक अंतरावर माणसं उभी, पाय टेकला की ज्याच्या समोर टेकला तो हात वर करतो. दोन पावलांच्या मधला बिंदू धरायचा, अर्ध्या मीटरपर्यंत अचूक. थंडीत गोठलेली ती माणसं डोळ्यांची पापणी लवू न देता उभी असतात.

आणि रानवाटा, मुलगी डोक्यावरून जाते तेव्हा जो आवाज येतो ना, कापड फडफडल्याचा आणि हवा चिरल्याचा, तो ऐकला की ८५ मीटर कमी वाटत नाहीत. गेटवर बसलेली एक अगदी लहान मुलगी आठवते. दिवा हिरवा झाला, प्रशिक्षकाने झेंडा खाली केला आणि ती सुटली. के-पॉइंटच्या बरीच अलीकडे उतरली, पण टेलिमार्क इतका स्वच्छ होता की मोजणाऱ्यांपैकी एका आजोबांनी हातमोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

के_पॉइंट
@हिमगौरी, टेलिमार्कचा मुद्दा महत्त्वाचा. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, हात पसरलेले, असं उतरलं नाही तर प्रत्येक पंच गुण कापतो. तीन पंचांचे गुण धरले तर मधल्या टेकडीवर काही मीटर गेल्यासारखंच. दुसऱ्या फळीतल्या निकालपत्रकात मी आधी हाच रकाना बघतो. अंतर वाऱ्याच्या कृपेनेही मिळतं. उतरणं सुधारलेलं दिसलं की समजावं, या मुलीवर कोणीतरी मेहनत घेतंय.

भटकी
माझी मुलगी जर्मनीत क्लबमध्ये उडते, वय बारा. सुरुवात दहा मीटरच्या टेकडीपासून झाली, मग वीस, मग चाळीस. तिला कॉन्टिनेंटल कप म्हणजे स्वप्न आहे. वर्ल्ड कप तिला इतका लांब वाटतो की ती त्याबद्दल बोलतच नाही. पण क्लबमधली मोठी ताई ब्रोटेरोडेला उडून आली, तेव्हा आमच्या घरात आठवडाभर तोच विषय. "ती आपल्याच टेकडीवर सराव करते ना आई, मग मी पण." हा "मग मी पण" वर्ल्ड कपच्या प्रक्षेपणातून येत नाही.

एक काळजीही सांगते. वजनाची. हलकं शरीर लांब जातं, हे मुलींना लवकर कळतं. उंचीच्या मानाने वजन ठरावीक मर्यादेखाली गेलं तर स्की आखूड वापराव्या लागतात, हा नियम चांगला आहे, पण मनावर येणारा ताण नियमाने जात नाही. आमच्या क्लबात एका प्रशिक्षकाने लहान मुलींसमोर वजनाचा विषय ज्या पद्धतीने काढला, त्यावर मी आणि आणखी दोन पालक जाऊन स्पष्ट बोललो. नॉर्वेची मारेन लुंडबी मला म्हणूनच फार मोठी वाटते. ऑलिंपिक विजेती असून तिने २०२१ मध्ये उघडपणे सांगितलं की वजन उतरवण्यासाठी शरीराशी खेळणार नाही, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला जाणार नाही. आणि २०२३ मध्ये प्लानित्साला मोठ्या टेकडीवर रौप्य घेऊन परत आली.

शेवंती
@भटकी, तुमच्या लेकीला खूप शुभेच्छा. आणि तुम्ही बोललात हे फार बरं केलंत. लुंडबीची ती मुलाखत दाखवा तिला, थोडी मोठी झाली की.

निशिगंध
भटकी, बारा वर्षांची मुलगी त्या गेटवर बसते तेव्हा तुम्ही बघू शकता? माझे तर हातपाय गार पडतील.

भटकी
बघते. पहिल्या वेळी डोळे मिटले होते, आता बघते. तिला उडायची भीती नाही, जिना चढायचा मात्र कंटाळा आहे. छोट्या टेकड्यांना लिफ्ट नसते, स्की खांद्यावर टाकून दर वेळी पायऱ्या.

गणिती
रानवाटांच्या मुद्द्यावर थंड डोक्याने विचार करू या. ते म्हणतात सर्वोत्तम मुली तिथे नाहीत. पण वर्ल्ड कपमध्ये प्रत्येक देशाच्या जागा मर्यादित असतात. स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया, जर्मनी, नॉर्वे, जपान या देशांत मुलींची रांग लागलेली आहे. तिथली संघाबाहेर राहिलेली मुलगी एखाद्या छोट्या देशाच्या पहिल्या क्रमांकाच्या मुलीपेक्षा सरस असू शकते. ती हिवाळाभर कुठे उडणार? एकटीने सराव करून स्पर्धेची सवय होत नाही. दोन फेऱ्यांमधली ती वाट बघणं, वारा बदलला म्हणून गेटवरून उठवून परत बसवणं, हे सगळं स्पर्धेतच शिकता येतं.

उलट दिशेनेही बघा. या खेळात गुडघ्याचा लिगामेंट फाटणं फार. हेंड्रिक्सनचं २०१३ च्या ऑगस्टमध्ये तेच झालं, ऑलिंपिकच्या तोंडावर. सावरून आलेल्या खेळाडूला थेट जगातल्या सर्वोत्तम तीस जणींसमोर मोठ्या टेकडीवर सोडायचं, की आधी मधल्या टेकडीवर, कमी डोळ्यांसमोर, विश्वास परत मिळवू द्यायचा?

उत्तरवारा
गणिती, नेमकं हेच म्हणायचं होतं. त्यात आणखी एक. वर्ल्ड कप आता पूर्वीचा राहिलेला नाही. सुरुवातीला तिथेही बहुतेक मधल्या टेकड्या असत. आज मोठ्या टेकड्या आहेत, २०२६ च्या ऑलिंपिकपासून महिलांना तिथेही मोठी टेकडी मिळाली, आणि २०२३ पासून स्की फ्लाइंग, म्हणजे सर्वांत मोठ्या टेकड्यांवरच्या उड्या. महिलांच्या सर्वांत लांब उडीचा विक्रम वाढत गेला: एमा क्लिनेत्स २२६ मीटर, मग सिल्ये ऑप्सेट २३०.५, मग प्रेव्हत्स २३६. फार आनंदाची गोष्ट आहे. पण वरचा मजला जितका उंच होतोय, तितका मधला जिना लांब लागणार. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला थेट तिथे पात्रता फेरीत उतरवणं धोक्याचं आहे.

लांबउडी
अवांतर: नॉर्डिक कंबाइन्डमध्ये (स्की जंपिंग आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग मिळून होणारा खेळ) हेच नाटक दुसऱ्यांदा चाललंय. तिथेही महिलांसाठी आधी कॉन्टिनेंटल कप हीच वरची पातळी होती. मग २०२० च्या डिसेंबरमध्ये राम्साउला पहिला वर्ल्ड कप, टारा गेराटी-मोट्स जिंकली. आणि ऑलिंपिकवाले? २०२६ लाही महिलांना नकार. कारणं तीच, कमी देश, कमी खेळाडू. शेवंतीताईंचा प्रतिसाद वाचताना सारखं तेच आठवत होतं.

शेवंती
अवांतर कसलं, हाच तर मुद्दा आहे. खालच्या फळीत मुली दिसल्या नाहीत की "मुलीच नाहीत" म्हणून वरचं दार लावायला ते मोकळे.

रानवाटा
बरं, गणिती आणि हिमगौरी यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पैशांचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गार्मिशला सेलिना फ्रायटाग पात्रता फेरी जिंकली, तर तिला शांपू, शॉवर जेल आणि टॉवेल दिले. पुरुषांना त्याच कामगिरीसाठी सुमारे तीन हजार युरो. हे वर्ल्ड कपच्या पातळीवर! वर ही अवस्था असताना खाली आणखी स्पर्धा भरवायला पैसा कोण देणार?

हिमगौरी
टॉवेलची बातमी वाचून माझाही संताप झाला होता, आजही होतो. पण त्यावर उपाय खालची स्पर्धा बंद करणं हा नाही. नोटॉडेनसारख्या ठिकाणी अर्ध्याहून जास्त काम गावातली माणसं बिनपैशाची करतात. त्यांना स्पर्धा हवी असते. टेकडी तयार, माणसं तयार, हवी असते ती फक्त कॅलेंडरवर एक तारीख.

के_पॉइंट
पुरुषांची स्पर्धा जिथे आहे तिथेच त्याच शनिवार-रविवारी महिलांची घ्यावी. टेकडी एकदाच तयार करायची, पंच तेच, मोजणारे तेच, वाऱ्याची यंत्रं तीच. गेट फक्त वर सरकवायचं. काही ठिकाणी असं होतंही. सगळीकडे केलं तर हंगाम आपोआप भरेल.

गणिती
+१. आणि मग प्रवासही वाचतो, एकाच बसमधून दोन्ही संघ.

निशिगंध
शंका: गेट वर का सरकवायचं?

के_पॉइंट
मुलींचं वजन सरासरी कमी, त्यामुळे इनरनवर वेग थोडा कमी मिळतो. गेट वर नेलं की धाव लांबते, टेकऑफला हवा तो वेग मिळतो. मधल्या टेकडीवर तो ताशी ८५ ते ९० किलोमीटरच्या घरात असतो.

उत्तरवारा
मूळ प्रश्नाकडे येतो. रानवाटा, तुमचा गुणांबद्दलचा आक्षेप अजून कुणी खोडलेला नाही, आणि तो खरा आहे. चाळीस जणींतल्या तिसाव्या क्रमांकाला मिळालेला एक गुण हलका आहे. पण तो जड करायचा तर मुली वाढायला हव्यात, आणि मुली वाढायच्या तर त्यांना उडायला जागा हवी. जपानच्या सारा ताकानाशीचं उदाहरण बघा. २०११ च्या सुरुवातीला, चौदाव्या वर्षी, ती कॉन्टिनेंटल कपची एक स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी झाओला वर्ल्ड कपची स्पर्धा जिंकली. आज तिच्या नावावर साठाहून जास्त वर्ल्ड कप विजय आहेत. चौदाव्या वर्षी तिला ती जागा मिळाली म्हणून. आत्ता जी चौदा वर्षांची आहे, तिला हंगामात किती वेळा गेटवर बसायला मिळतं?

माझी मागणी साधी आहे. के_पॉइंट म्हणतात तशा जोडस्पर्धा, जानेवारीत एकही आठवडा कोरा नको, आणि प्रत्येक स्पर्धेचं निदान एका कॅमेऱ्याचं तरी प्रक्षेपण.

रानवाटा
एका कॅमेऱ्याचं प्रक्षेपण असेल तर मी बघेन, हा शब्द. पुढची ब्रोटेरोडेची स्पर्धा लागली की याच धाग्यावर दुवा टाका.

भटकी
ब्रोटेरोडेला आम्ही जाणार आहोत. मुलीने आत्तापासून बजावून ठेवलंय की के-पॉइंटच्या रेघेजवळच उभं राहायचं. कुणी येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा. मोजायला स्वयंसेवक लागतात का तेही क्लबात विचारून इथे कळवते.